सिनेमा संपतो, पोहे येतात आणि गप्पा तिथेच थांबतात

पत्र असं आहे, थोडं कमी करून देते:

"ताई नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ४४, नोकरी करते. दीड वर्षापूर्वी आम्ही बिल्डिंगमधल्या आणि ओळखीतल्या आठ-नऊ जणांनी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये जुने सिनेमे बघायला सुरुवात केली. पहिले काही महिने खूप मजा आली. आता सिनेमा संपला की मी पोहे करायला आत जाते, बाहेर कुणी म्हणतं छान होता, कुणी म्हणतं फार स्लो, आणि बाहेर येऊन बघते तर विषय पाणी कधी येतं यावर गेलेला असतो. आमच्यात एक सर आहेत, सत्तरीचे, रिटायर्ड शिक्षक, त्यांना जुन्या सिनेमाची प्रचंड माहिती आहे, ते एकदा सुरू झाले की पाऊण तास थांबत नाहीत. कॉलेजची दोन मुलं येतात, ती मोबाईलमध्ये. दोन महिन्यांपूर्वी 'संत तुकाराम' लावला. त्या दोघांतली मुलगी म्हणाली की मला तुकारामांपेक्षा आवलीच खरी वाटली, तिचं बिचारीचं काय चुकलं? सर एकदम चिडले, म्हणाले तुमच्या पिढीला भक्ती म्हणजे काय ते कळणारच नाही. मुलगी गप्प बसली आणि गेल्या शनिवारी आलीच नाही. व्हॉट्सॅप ग्रुपवर पण सगळे शांत आहेत. ग्रुप बंद करून टाकू का?"

नमस्कार,

नका बंद करू. हे आधीच सांगून टाकते, कारण मला वाटतं तो प्रश्न तुम्ही दमून विचारलाय. दर महिन्याला नऊ माणसं जमवायची, सिनेमा शोधायचा, लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, ऐनवेळी आवाज येत नाही म्हणून केबल काढून घालून बघायच्या, वर सगळ्यांचं खाणंपिणं, आणि हे सगळं नोकरी सांभाळून, म्हणजे दमायला होणारच. आणि एवढं करून मग हॉलमध्ये भांडण झालं की वाटतं कशासाठी करतोय आपण हे.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला सरांच्या चिडण्यापेक्षा दुसरंच एक वाक्य जास्त लागलं. "सिनेमा संपला की मी पोहे करायला आत जाते." म्हणजे ज्या चर्चेबद्दल तुम्ही मला विचारताय त्या चर्चेत तुम्ही नसताच. कांदा चिरताय, फोडणी टाकताय, आणि बाहेर काय चाललंय ते तुम्हाला स्वयंपाकघराच्या दारातून अर्धंमुर्धं ऐकू येतं. सगळ्यांना जमवणारी बाईच सिनेमा संपल्यावर उठून जाते, मग बाकीच्यांना वाटतं संपलं सगळं, चला आता. सिनेमाचा शेवट मनात असतो तोवरची पाच-दहा मिनिटं फार मोलाची असतात हो, ती तुमच्या घरात प्लेटा आणि चमचे वाटण्यात जातात. तेव्हा पहिला बदल हा करा, खाणं आधी. सगळ्यांनी यायचं, खायचं, चहा घ्यायचा, पाण्याच्या टँकरवर काय बोलायचं ते बोलून घ्यायचं आणि मग सिनेमा. आणि दर वेळी तुम्हीच का करायचं, पाळी लावा, भेळ आणा, चिवडा आणा, कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणू देत.

आता त्या मुलीबद्दल. ती अजिबात चुकीचं बोललेली नाही. 'संत तुकाराम' १९३६ चा, प्रभात फिल्म कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांनी केलेला, आणि विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाइतकंच गौरी यांच्या आवलीबद्दलही जाणकार लोक आजवर बोलत आणि लिहीत आलेत. आठवून बघा, त्या बाईचे हात कधी रिकामे असतात का? म्हैस आहे, पोरं आहेत, चूल आहे, घरात दाणा नाही आणि नवरा अभंगात बुडालेला. मूल आजारी पडतं तेव्हा ती पायताण घेऊन देवळात शिरते आणि थेट विठोबाशी भांडते. ज्या काळात संतपटात बाई म्हणजे पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी असं असायचं त्या काळात हे दाखवलंय. आणि शेवटी विमान येतं, तुकाराम वैकुंठाला निघतात, ती जात नाही, मागे राहते. हे सगळं त्या दोन दिग्दर्शकांनी विचार करून घातलेलं आहे, त्यामुळे आजच्या वीस वर्षांच्या मुलीला ते ऐंशी-नव्वद वर्षांनी दिसलं तर ते तिच्या डोळ्यांचं आणि सिनेमाचं दोघांचंही यश आहे.

पण सरही चुकीचं बोलत नव्हते, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसावर बोलले. पागनीस स्टेजवर बायकांच्या भूमिका करायचे, आणि त्या माणसाने अंगात कसलाही अभिनिवेश न आणता असा तुकाराम उभा केला की थिएटरात लोक चपला काढून बसायचे असं जुनी माणसं सांगतात. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. सरांनी हा सिनेमा बहुतेक लहानपणी कुणाचं तरी बोट धरून बघितला असेल. त्यांच्यासाठी ती नुसती फिल्म नाहीये, त्यात त्यांचं घर आहे, त्यांचे आईवडील आहेत, कदाचित देहूची वाट आहे. त्यांना मुलीच्या बोलण्यात असं ऐकू आलं असणार की तुकोबांना नावं ठेवतायत. ती मात्र आवलीबद्दल बोलत होती. एकाच सिनेमातल्या दोन वेगवेगळ्या जागांबद्दल दोघं बोलत होते आणि कुणीच विचारलं नाही की कुठल्या जागेबद्दल.

इथे मला माझं एक सांगायचंय.

मी कॉलेजात असताना आमच्या गावात फिल्म सोसायटी होती. एका शाळेचा हॉल, लोखंडी घडीच्या खुर्च्या, मधोमध स्टुलावर सोळा एमएमचा प्रोजेक्टर, त्याची ती अखंड घरघर, आणि रीळ संपलं की लाईट लागायचे, दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघायचे, परत अंधार. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमधून पत्र्याच्या डब्यात प्रिंट यायची. तिथे एकदा एक युरोपियन सिनेमा बघून मी मोठ्याने म्हणाले की मला कंटाळा आला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, मग तुम्ही टॉकीजला मारामारीचे सिनेमे बघा, इथे कशाला येता. सगळे हसले. मी सहा महिने गेले नाही. कुणी हाकललं नव्हतं, पण पाय वळेना.

मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पोस्टात नोकरीला होते, ते एक दिवस पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाचं कार्ड घेऊन घरी आले. आईने चहा टाकला. ते माफीचं वगैरे काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "तुला कंटाळा आला म्हणालीस ना, नेमका कुठे आला?" मी विचार करून सांगितलं की ती बाई खिडकीशी उभी राहते आणि काहीच होत नाही तिथे. ते म्हणाले, "मला पण तिथेच आला. आणि मग मला वाटलं की तिला पण येत असेल." बस्स, एवढंच. मी पुढच्या रविवारी गेले आणि नंतरची अकरा वर्षं, लग्न होऊन गाव सोडेपर्यंत, जात राहिले.

त्या "कुठे" ने माझं सिनेमा बघणं बदललं, आणि तुमच्या ग्रुपला मी तेवढा एकच शब्द देणार आहे. कसा वाटला विचारू नका. कसा वाटला विचारलं की माणूस मार्क देतो, छान, बरा, स्लो, ओव्हररेटेड, आणि मार्क दिले की पुढे बोलायला काही उरत नाही, उरलंच तर भांडण उरतं. कुठे विचारलं की माणसाला परत सिनेमात शिरावं लागतं. स्लो वाटला? कुठे? डोळ्यांत पाणी आलं? कुठे, काय दिसत होतं तेव्हा पडद्यावर, कुणाचा चेहरा, की कुणाचाच नव्हे, नुसती रिकामी खोली? आवली खरी वाटली? कुठल्या सीनला? सर, तुम्हाला भक्ती दिसली ती कुठे, पागनीसांच्या आवाजात, की ते डोळे मिटतात तिथे, की गर्दीतल्या माणसांच्या तोंडावर? अशी उत्तरं यायला लागली की बघा, सत्तरीचा माणूस आणि विशीची मुलगी एकाच टेबलाशी बसून एकच गोष्ट न्याहाळायला लागतात, मग मतं वेगळी असली तरी चालतात.

हे काही माझं खास डोकं नाहीये. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी सत्यजित राय यांचा 'पाथेर पांचाली' एक एक शॉट घेऊन पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांना दाखवला. आणि फिल्म अर्काइव्ह ज्यांनी उभं केलं ते पी. के. नायर, त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात की कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं. कितव्या रिळात, म्हणजे परत कुठे! कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे, तिथे निनासम नावाची नाटकवाल्यांची संस्था आहे, त्यांनी सत्तरच्या दशकात गावातल्या सुपारीच्या बागायतदारांना, शेतकऱ्यांना 'बायसिकल थीव्हज', 'पाथेर पांचाली' असे सिनेमे दाखवले आणि ती माणसं त्यावर बोलली, वर्षांनंतरही बोलत राहिली. त्यांना इटालियन येत नव्हतं आणि सिनेमाचा इतिहास माहीत नव्हता, पण सायकल गेली म्हणजे काय गेलं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

'बायसिकल थीव्हज' तुम्ही लावला असेलच, नसेल तर जरूर लावा, १९४८ चा आहे, दीड तासाचा. त्यात एक हॉटेलचा सीन आहे. बाप आणि पोरगा, ब्रुनो त्याचं नाव, दिवसभर चोरीला गेलेली सायकल शोधून थकलेत, बापाने मघाशी रागात पोराच्या थोबाडीत मारलीय, आणि आता त्याला वाईट वाटतंय म्हणून खिशात आहेत ते पैसे काढून त्याला हॉटेलात नेतो. ब्रुनो ब्रेडमधलं चीज खातोय, ते लांबच लांब ताणलं जातंय, आणि पलीकडच्या टेबलावर श्रीमंताघरचा एक मुलगा बसलाय, त्याच्यापुढे ताटंच ताटं. ब्रुनो वळून त्याच्याकडे बघतो, तो याच्याकडे बघतो. मग बाप हिशोब मांडतो, नोकरी टिकली असती तर महिन्याला किती मिळाले असते, आणि पोराचं खाणं हळूहळू थांबतं. चार मिनिटांचा सीन असेल. तो झाल्यावर मी एका ग्रुपमध्ये विचारलं होतं की तुम्हाला काय दिसलं, आणि एक बाई, घरोघरी स्वयंपाकाची कामं करणाऱ्या, कुणाबरोबर तरी सहज आल्या होत्या, त्या म्हणाल्या, पोरगं आधी मान वर करून खात होतं आणि हिशोब ऐकल्यावर त्याने घास खाली ठेवला. आमच्यातल्या जाणकारांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. मी तो सीन परत लावला. खरंच तसं होतं!

तर असं करा. सिनेमा संपला की लाईट लगेच लावू नका, टायटलं संपू द्या, दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग एक एक जणाने फक्त एक गोष्ट सांगायची, दिसलेली किंवा ऐकू आलेली, मत नाही, विशेषण नाही. "म्हाताऱ्याची काठी", "विहिरीवरचा रहाटाचा आवाज", असं. सुरुवातीला लोक लाजतील, कुणी म्हणेल हे काय शाळेसारखं, होऊ द्या, दोन शनिवारात सवय होते. त्यातली एखादी गोष्ट तिघाचौघांनी सांगितली की तोच सीन परत लावायचा, चार-पाच मिनिटांचा. आपल्या हातात आता रिमोट आहे, आम्हाला रीळ उलटं गुंडाळावं लागायचं, त्याचा उपयोग करा. दुसऱ्यांदा बघताना माणसं स्क्रीनच्या जवळ सरकतात, हे मी किती वेळा पाहिलंय. त्यानंतर मतं. मग खुशाल भांडा.

सरांसाठी वेगळं सांगते. त्यांना गप्प करू नका, त्यांची माहिती तुमच्या ग्रुपची श्रीमंती आहे, फक्त तिची जागा बदलायला हवी. चर्चेच्या सुरुवातीला माहिती आली की बाकीच्यांना वाटतं आपण काय बोलणार, आणि बोलून झाल्यावर आली की सगळे कान टवकारतात. उदाहरण सांगते. 'संत तुकाराम' मध्ये 'आधी बीज एकले' हा अभंग आहे ना, तो तुकोबांचा नाहीच, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय, आणि तो इतका अस्सल उतरलाय की भल्याभल्यांना तो तुकोबांचाच वाटला. आता ही गोष्ट आधी सांगितली तर लोक तो अभंग ऐकताना परीक्षक होऊन ऐकतील. सगळे त्या गाण्याबद्दल भरभरून बोलले आणि मग सरांनी हळूच हे सांगितलं तर त्या हॉलमध्ये काय होईल विचार करा, कारण त्या सिनेमात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून खपवतो, आणि इथे एका कवीने स्वतःचा अभंग तुकोबांच्या पायी ठेवला. यावर तुमची चर्चा रात्री अकरापर्यंत चालेल.

तेव्हा सरांकडे तुम्ही जा. ग्रुपवर मेसेज टाकू नका, फोन पण नको, घरी जा, एकट्या. झाल्या प्रकारावरून सुरुवात करू नका. विचारा, सर तुम्ही 'संत तुकाराम' पहिल्यांदा कुठे बघितलात? कुणाबरोबर? आणि ऐकून घ्या, तिथे पाऊण तास बोलू देत. मग सांगा की सर हे जे तुम्ही आत्ता बोललात ना ते त्या दिवशी बोलला असतात तर ती मुलगी तुमच्या शेजारी येऊन बसली असती, आणि ती आली नाही याचं मला वाईट वाटतंय. एवढंच. माफी मागा असं म्हणू नका, शिक्षक माणूस आहे, त्यांना कळेल काय करायचं ते, आणि नाही कळलं तरी तुमच्या डोळ्यांसमोर पुढच्या वेळी ते जरा सांभाळून बोलतील. पुढच्या सिनेमानंतर शेवटची पंधरा मिनिटं त्यांची, हे त्यांना सांगून ठेवा. वेळ ठरलेली असली की माणूस तयारी करून येतो, आणि तयारी करून आलेला माणूस कमी बोलतो.

मुलीला मात्र फोन करा, आजच. उशीर करू नका, वीस वर्षांच्या माणसाला दोन महिने म्हणजे फार मोठा काळ असतो. "अगं सरांचं मनावर घेऊ नकोस, मोठे आहेत" हे वाक्य कृपा करून वापरू नका. त्याचा अर्थ तिला एवढाच लागतो की तुझं म्हणणं बरोबर की चूक याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, तू लहान आहेस. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही तिच्या बाजूने काही बोलला नाहीत, बहुतेक आतच होतात, पण ते तिला सांगा, की मला तेव्हा बोलायला हवं होतं. आणि मग म्हणा की तू आवलीबद्दल जे बोललीस त्यावरून मला पुढचा सिनेमा सुचलाय, तो तूच लावायचा, कुठला सीन परत बघायचा ते तू ठरवायचं.

तो सिनेमा म्हणजे 'कुंकू'.

१९३७ चा. परत प्रभातचाच, शांतारामबापूंनी, म्हणजे व्ही. शांताराम यांनी केलेला, हिंदीत 'दुनिया न माने'. 'संत तुकाराम' नंतर एका वर्षाने त्याच कंपनीने हा सिनेमा काढला, हे सरांनाही आवडेल आणि मुलीला तर हवंच आहे, कारण तिने जो प्रश्न विचारला ना की बाईचं काय चुकलं, तो प्रश्न प्रभातनेच दुसऱ्या वर्षी अख्खा सिनेमा करून विचारलाय. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आहे. नीरा नावाची तरुण मुलगी, मामा फसवून तिचं लग्न एका म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतो, आणि ती म्हणते हे लग्न मी मानत नाही. रडत बसत नाही, विहिरीत उडी मारत नाही, त्याच घरात राहून सरळ नाही म्हणते. शांता आपटे नीरा आणि केशवराव दाते काकासाहेब. त्या काकासाहेबांच्या समाजसेवा करणाऱ्या लेकीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय, सई परांजप्यांच्या आई, ज्या पडद्याबाहेरही र. धों. कर्व्यांच्या वाटेने संततिनियमनाचं काम करत होत्या. आणि शांता आपटे पुढे १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. हे सरांच्या शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी ठेवा.

'कुंकू' मध्ये पार्श्वसंगीत नाही. म्हणजे आपल्याकडे कुणी रडलं की मागे सारंगी वाजते तसं काही नाही. जो आवाज ऐकू येतो तो त्या घरातलाच, भिंतीवरचं घड्याळ, भांडी, पावलं, ग्रामोफोन. गाणी आहेत पण तीही कुणीतरी तिथे बसून म्हणतंय किंवा ग्रामोफोनवर लागलीयेत. नीरा तर एक इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. १९३७ साली, जेव्हा बोलपट येऊन सहाच वर्षं झाली होती आणि सगळ्यांना पडद्यातून जितका आवाज काढता येईल तितका काढायचा होता, तेव्हा या माणसांनी हे ठरवून टाळलं. तुमच्या कॉलेजच्या मुलाला, तो दुसरा जो मोबाईल बघतो, त्याला सिनेमा सुरू व्हायच्या आधी एवढंच सांगा की घड्याळ किती वेळा ऐकू येतं ते तू मोजायचंस. कानाला काम दिलं की हात मोबाईलकडे कमी जातो, मी मुलांवर हे करून बघितलंय. (पुढे कधी '१२ अँग्री मेन' लावलात तर त्याला छत कधी दिसायला लागतं ते बघायला सांगा. जवळजवळ अख्खा सिनेमा एका खोलीत आहे, सुरुवातीला कॅमेरा वरून बघतो, मग डोळ्यांच्या पातळीला येतो, शेवटी खालून, आणि छत डोक्यावर यायला लागतं. कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही, फक्त गुदमरायला होतं.)

आणि काकासाहेब आरशासमोर उभे राहतात, मिशा काळ्या करतात, तो भाग बघा. केशवराव दात्यांनी तो म्हातारा खलनायक केलेला नाहीये. त्याला लाज वाटते, हाव सुटत नाही, आणि लाज पण सुटत नाही, आणि पुढे एका ठिकाणी फुटक्या आरशाच्या तुकड्यातुकड्यात त्याला स्वतःचाच चेहरा हसताना दिसतो. मला वाटतं परत लावायचा सीन हाच, पण ते मुलगी ठरवेल. सरांच्या वयाच्या माणसाला तो सीन वेगळा लागेल आणि तिला वेगळा लागेल, आणि दोघांनी तो कुठे लागला ते सांगितलं तर त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये कुणाला भक्ती शिकवायची गरज पडणार नाही. शेवट मी सांगत नाही.

थोडं टेक्निकल पण सांगते, कारण निम्मे लोक "स्लो" म्हणतात ते खरं तर नीट ऐकू येत नाही म्हणून. जुन्या सिनेमांचा साउंड टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर चिरका येतो, बाहेरचा एखादा स्पीकर लावा, साधा असला तरी फरक पडतो, आणि सबटायटल्स असतील तर मराठी सिनेमालाही लावून ठेवा, सत्तरीच्या माणसांना मदत होते आणि ती मागायला लाजतात. चित्र पूर्ण स्क्रीनभर ताणू नका. त्या काळातले सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, ताणलं की सगळे चेहरे फुगतात आणि शांता आपटे दिसतच नाहीत, दुसरीच कुणीतरी दिसते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, ते बंद करा, नाहीतर जुना सिनेमा सिरियलसारखा दिसतो.

आणि सगळेच परत येतील असं धरून चालू नका. नऊमधले दोघं-तिघं फक्त गप्पांना आणि पोह्यांना येत असतील, ते पोहे आधी ठेवल्यावर खाऊन उठून जातील, जाऊ द्या, प्रेमाने जाऊ द्या. सहा जण उरले तर सहा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून चालू आहे, कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी फिल्म सोसायटी काढली तेव्हा ते मूठभरच होते, आणि हे सगळे दर आठवड्याला, दर महिन्याला, परत परत खुर्च्या मांडणाऱ्या माणसांमुळे टिकले. तुम्ही त्यातल्या आहात. त्यामुळेच तुम्हाला आत कांदा चिरत बसलेलं मला बघवत नाहीये.

'कुंकू' अडीच तासांच्या वर आहे. पाचला सगळ्यांना खायला बोलवा, सहाला दिवे बंद करा, आणि मुलीला रिमोट जवळची खुर्ची द्या. सरांच्या शेजारची रिकामी ठेवा, तिथे तुम्ही बसा.